एकशे सतराची खातरजमा

तळघराला अठरा पायऱ्या होत्या आणि शेवटच्या तिन्हींवर कायम ओल. नवीन माणूस तिथे हमखास घसरायचा. बाई मात्र एका हातात डबा, दुसऱ्यात छत्री घेऊन एकवीस वर्षं त्या पायऱ्या न बघता उतरत होत्या. खाली डावीकडे शवागाराचं जाड दार, उजवीकडे त्यांची खोली. खोलीला खिडकी नव्हती. एक ट्यूबलाइट होती, तिचा उजेड थोडा पिवळट पडे आणि त्यात सगळ्यांचेच चेहरे आजारी दिसत.

हॉस्पिटलात त्यांना समोर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘खातरजमाबाई’. कुठलाही कागद हातात पडला की त्या चष्म्यावरून बघत आणि विचारत, “खातरजमा केली का?” एकदा कॅन्टीनवाला म्हणाला, “बाई, चहात साखर घातलीय,” तर त्यालाही त्यांनी हेच विचारलं होतं. तो बिचारा पुढे सहा महिने ही गोष्ट सांगत फिरला. बाईंना आपलं हे नाव माहीत होतं. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट कधीतरी, एकट्या असताना, थोडा अभिमानच वाटे.

त्यांचं काम बेवारस मृतदेहांची नोंद ठेवण्याचं. रस्त्यावर, स्टेशनच्या बाकावर, पुलाखाली सापडलेलं माणूस इथे येई तेव्हा त्याच्यापाशी नाव नसे. शवागारातले मामा, म्हणजे तिथले जुने कर्मचारी, त्याच्या पायाच्या अंगठ्याला नंबर बांधत. बाई तोच नंबर रजिस्टरात लिहीत आणि त्याच्यापुढचा ‘नाव’ हा रकाना कोरा सोडत. मग वर्णन. वर्णन त्या अशा निगुतीने लिहीत की पोलिससुद्धा कौतुक करत. ‘शर्ट पांढरा’ एवढं लिहून त्यांचं कधी भागलं नाही. ‘शर्ट पांढरा, तिसरं बटण काळ्या दोऱ्याने लावलेलं.’ हे बटण कुणीतरी लावलंय, त्या कुणाला तरी ते आठवेल, असा त्यांचा हिशेब.

“नाव ठाऊक असलं की नंबर काढायला मला मिनिट लागत नाही,” त्या म्हणायच्या. “नंबरावरून नाव काढायचं, तिथे घोडं अडतं.”

“आमच्या पाहुण्यांना कुठे घाई असते, बाई,” मामा म्हणत.

पण घाई असायची. शवागारात खण होते बारा. मुदत होती एकवीस दिवसांची. एकवीस दिवसांत कुणी आलं नाही, तर पालिकेची गाडी येई आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीत, नंबर रंगवलेल्या लोखंडी खांबाखाली माणूस पुरलं जाई. कागदावर त्याला ‘विल्हेवाट’ म्हणत. बाईंना तो शब्द आवडत नसे, पण छापील अर्जात तोच होता.

पूर्वी हरवलेल्यांच्या घरच्यांना त्या पाकिटातून पत्रं पाठवत. हरवलेल्या माणसांच्या तक्रारी पोलिसांकडून दर आठवड्याला येत. त्यातलं एखादं वर्णन खणातल्या कुणाशी जुळतंय असं वाटलं की पत्र. पत्र पोचायला आठ दिवस, उत्तर यायला आठ, आणि घरचे धापा टाकत उतरायचे तोवर खण रिकामा. असं तीनदा घडलं. चौथ्यांदा घडलं तेव्हा बाईंनी रजा काढली, वाचनालयातून दोन जाडजूड पुस्तकं आणली, आणि एक्स-रे विभागाने टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर मागून घेऊन त्यावर स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. हॉस्पिटलचा एक होता, पण तो वरच्या लोकांसाठी. तळघराची त्यांना आठवण नव्हती. मामांनी टेबलाखालच्या त्या घरघरणाऱ्या खोक्याचं नाव ठेवलं ‘धाकटा’. “धाकट्याला आज ताप दिसतोय, बाई,” ते म्हणत. सुरू झाला त्या पहिल्याच आठवड्यात धाकट्याने सकाळी पाठवलेल्या पत्रावर दुपारी एक वडील आले. पायऱ्यांवर घसरले, उठले आणि मुलाला घेऊन गेले. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. पण घरी जाताना त्या ताठ चालत होत्या, असं मामा सांगतात.

मेल पाठवणं म्हणजे काय, हे बाई कुणालाही अगदी सोपं करून सांगू शकत. एक सर्व्हर दुसऱ्याच्या दारात जातो आणि आधी आपलं नाव सांगतो. नाव काय, कुणीही काहीही सांगेल. म्हणून दारातला त्याच्या नंबराकडे बघतो. इंटरनेटवर प्रत्येकाला नंबर असतो. दारातला जगाच्या नोंदवहीत उलटीकडून शोधतो: हा नंबर कुणाचा? तिथे निघालेलं नाव आणि याने सांगितलेलं नाव एक असलं, आणि त्या नावापुढे पुन्हा हाच नंबर असला, तर माणूस खरा. आत या. नाहीतर हा कुणीतरी उपटसुंभ, लॉटरीच्या भूलथापा वाटत फिरणारा.

यात एक मेख होती. नावापुढे नंबर लिहिणं बाईंच्या हातात होतं. नंबरापुढे नाव लिहिणं नव्हतं. नंबर इंटरनेटची लाइन देणाऱ्या कंपनीच्या मालकीचे. त्यांच्यापुढे कुणाचं नाव लिहायचं ते कंपनीच लिहिणार.

त्या वर्षी हॉस्पिटलने लाइन बदलली. जुनी कंपनी गेली, नवीन आली, आणि धाकट्याला नवा नंबर मिळाला. बाईंनी नावापुढचा नंबर त्याच दिवशी बदलला. नंबरापुढे नाव लिहिण्यासाठी कंपनीकडे रीतसर अर्ज केला. हॉस्पिटलच्या आतल्या आत वापरायची एक छोटी नोंदवही होती, वरच्या मजल्यांवरच्या कॉम्प्युटरांना एकमेकांची नावं कळावीत म्हणून. तीही बाईच सांभाळत. तिच्यातही त्यांनी नवा नंबर आणि त्यापुढे धाकट्याचं नाव लिहून टाकलं. काम अर्धवट ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

चौथ्या दिवशी कंपनीतून फोन आला. “झालं, बाई. नाव चढवलं.”

“खातरजमा केली का?”

“हो हो.”

बाईंनी फोन ठेवला आणि आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला विचारलं: हा नंबर कुणाचा? पडद्यावर धाकट्याचं पूर्ण नाव आलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. त्यांनी कागदावर तारीख घातली, सही केली आणि फाइल बंद केली.

एकशे सतरा नंबर त्यानंतर आठवड्याने आला.

वय तिशीचं. कुणाची मारहाण नाही, अपघात नाही; बसस्थानकाच्या मागे, भिंतीला टेकून बसलेला सापडला. थंडीने आणि उपाशीपोटाने, असं डॉक्टरांनी लिहिलं. खिशात कंगवा आणि एक चावी. फोन नाही. अंगात निळा स्वेटर.

“चांगल्या घरचा आहे,” मामा म्हणाले.

“कशावरून?”

“स्वेटर बघा की. घरी विणलेला.”

बाईंनी स्वेटर टेबलावर पसरला. डाव्या कोपराला भोक पडलेलं आणि ते वेगळ्याच लोकरीने रफू केलेलं. टाके इतके बारीक, इतके एकसारखे, की मशीनने घातल्यासारखे वाटावेत. बाईंनी चष्मा पुसला आणि लिहिलं: ‘डावं कोपर तपकिरी लोकरीने रफू केलेलं, उत्तम हात.’ शेवटचे दोन शब्द वर्णनात बसत नव्हते. तरी त्यांनी खोडले नाहीत.

चार दिवसांनी पोलिसांचा गठ्ठा आला, त्यात ती तक्रार होती. दुसऱ्या गावची, बसने आठ तासांच्या अंतरावरची. हरवलेला भाऊ, वय एकतीस. मन थाऱ्यावर नसतं, अधूनमधून घर सोडून जातो, पण दोन दिवसांत परत येतो. या वेळी आला नाही. ‘अंगात निळा स्वेटर. त्याचं कोपर मी रफू केलंय.’ तक्रार देणारी मोठी बहीण, मोज्यांच्या कारखान्यात कामाला.

बाई खुर्चीतून उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. “मामा, एकशे सतराची ताई सापडली.”

“लागलीच?”

“परवापर्यंत येईल बघा.”

त्यांनी तक्रारीतल्या मेलच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. पलीकडच्या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरने, जिथे निम्म्या जगाचे मेल असतात, एक ओळ परत दिली: ‘स्वीकारले.’ ती ओळ धाकट्याच्या नोंदीत रोजच दिसे. बाईंना ती पोचपावतीसारखी वाटे. त्यांनी रजिस्टरात ‘कळवले’ लिहिलं.

परवा कुणी आलं नाही. तेरवाही नाही.

तक्रारीवर फोन नंबर होता. बाईंनी लावला, बंद. पुन्हा दुसऱ्या दिवशी, बंद. मग त्यांच्या लक्षात आलं की अर्जातल्या ‘संपर्क क्रमांक’ या रकान्यात बहिणीने हरवलेल्या भावाचाच नंबर लिहिला होता. घाबरलेली माणसं असं करतात. ज्याच्याशी संपर्क हवा, त्याचा नंबर लिहितात. बाईंनी घरच्या पत्त्यावर तातडीच्या टपालाने पाकीट धाडलं. ते आठवड्याभरात परत आलं, वर निळ्या पेन्सिलीने ‘खोली सोडली’. पोलिसांकडे चौकशी केली, तर त्यांच्याकडे होता तोच अर्ज, आणि त्यात कारखान्याचं नाव नव्हतं.

म्हणजे राहिला तो धाकटा. बाईंनी दुसरं पत्र पाठवलं. स्वीकारले. तिसरं पाठवलं, त्यात सरकारी भाषा सोडून दिली. ‘ताई, मी इथली कारकून. तुम्ही या. उशीर करू नका.’ स्वीकारले.

त्याच आठवड्यात घरी एक भांडण झालं. दोन खोल्यांचं घर, बाई आणि त्यांची एकोणीस वर्षांची लेक. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. लेकीला एका छापखान्यात उमेदवारीला अर्ज करायचा होता, तिला गुणपत्रिकेची प्रत हवी होती. बाईंनी ती ऑफिसात स्कॅन केली आणि धाकट्यातर्फे लेकीला पाठवली.

“आई, आलं नाही काही.”

“नीट बघ.”

“बघितलं ना. नाही आलं.”

“माझ्याकडे ‘स्वीकारले’ अशी नोंद आहे. तुझं डोकं त्या फोनमध्ये असतं, पण कामाचं काही दिसेल तर शपथ.”

“हो का? मग तुमच्या नोंदीलाच घाला शिकायला छापखान्यात!” लेक चिडली की आईला ‘अहो-जाहो’ करी. “दूधवाल्याची खातरजमा, पेपरवाल्याची खातरजमा. पोरगी बोलतेय तर तिच्यावर मात्र विश्वास नाही.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागदी प्रत आणून टेबलावर आपटली. लेक शेवटच्या तारखेला धावत जाऊन अर्ज देऊन आली. दोघी दोन दिवस एकमेकींशी नुसत्या कामापुरत्या बोलल्या. बाईंच्या मनात मात्र लेकीचा राग नव्हता. सगळा राग त्या बहिणीवर होता.

“अशी कशी माणसं हो, मामा? तीन पत्रं गेली. एक ओळ नाही लिहवत?”

“सगळ्यांनाच परत हवं असतं असं नाही, बाई. वेडसर होता म्हणे.”

“मग रफू कशाला करायचं इतकं चांगलं?”

मामा शवागाराची फरशी पुसायला निघून गेले.

एकविसाव्या दिवशी बाई वर डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्याच्यामागे बारा खण आणि तेरा मृतदेह लागलेले असत, इतकंच.

“आणखी आठ दिवस द्या.”

“बाई, मागच्या खेपेला दिले होते. आलं का कुणी?”

“या वेळी बहीण आहे. मला माहीत आहे, तीच आहे.”

“तिला कळवलंय?”

“तीनदा.”

“पोचलं?”

“पोचलंय,” बाई म्हणाल्या. खातरजमेने म्हणाल्या.

“मग तिला यायचं नाही, बाई.” डॉक्टरांनी सही केली. “आपण किती करायचं?”

जिला त्या तीन पत्रांतलं एकही वाचायला मिळालं नव्हतं त्या बहिणीविरुद्धचा पुरावा बाईंनी आपल्याच तोंडाने दिला होता. हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. बाविसाव्या दिवशी सकाळी पालिकेची गाडी आली. स्वेटर, कंगवा आणि चावी कागदी पिशवीत घालून बाईंनी कपाटात ठेवली. तो नियम होता, वस्तू वर्षभर ठेवायच्या. मामांनी अंगठ्याचा नंबर नीट बांधलाय ना ते पाहिलं आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बाई घरी पडदे धूत होत्या. लेक स्वयंपाकघरात फोन बघत बसलेली. छापखान्याकडून उत्तर आलंय का, हे ती सगळीकडे शोधत होती.

“आई,” ती हसत म्हणाली, “तुमची गुणपत्रिका सापडली बघा. पडलीय कचऱ्यात.”

“कुठल्या कचऱ्यात?”

“अगं, जंकमध्ये. बघ ना, वर वजन घटवायच्या गोळ्या, खाली लॉटरी, मधे तू.”

बाईंच्या हातून पाणी गळत होतं. तसल्याच हाताने त्यांनी फोन घेतला. पत्राच्या वर एक लाल पट्टी होती: हे पत्र पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही.

“आई? अगं, मी चिडवत होते.”

बाईंनी लेकीच्या कॉम्प्युटरपुढे बसून धाकट्याचा नंबर टाकला आणि बाहेरच्या जगाला विचारलं: हा कुणाचा? उत्तर आलं ते एक लांबलचक, अर्थहीन नाव. कंपनीचं नाव, पुढे ‘ग्राहक’, पुढे पुन्हा तोच नंबर. आकड्यांचीच शेपटी जोडलेलं. कंपनीने बाईंचं नाव कधी चढवलंच नव्हतं. आणि त्या दिवशी तळघरात बसून बाईंनी ज्याला विचारलं होतं, ती त्यांची आतली नोंदवही होती. तिच्यात नाव होतं, कारण ते त्यांनीच, स्वतःच्या हाताने, चार दिवस आधी लिहिलं होतं. त्यांनी प्रश्न विचारला आणि त्यांच्याच अक्षराने त्यांना उत्तर दिलं.

पोलिसांचे सर्व्हर जुने, ते काही न विचारता आत घेत. म्हणून पोलिसांची उत्तरं येत राहिली आणि कुठे काही बिघडलंय असं वाटलं नाही. मोठ्या कंपनीचा सर्व्हर मात्र चोख होता. पत्र त्याने घेतलं, ‘स्वीकारले’ म्हणाला, आणि नेऊन कचऱ्यात ठेवलं. खोटं तो बोलला नव्हता.

पडदे तसेच बादलीत राहिले. संध्याकाळी लेकीने ते पिळून वाळत घातले.

सोमवारी बाईंनी कंपनीला फोन लावला.

“तुमचं नाव दिसतंय की इथे, बाई.”

“इथे म्हणजे कुठे?”

“अर्जात.”

“अर्जात ते मी लिहिलंय. नंबरापुढे लिहिलंत का तुम्ही?”

पलीकडे बोटांची टकटक झाली. “हां... तिथे राहिलं वाटतं.”

“वाटतं, की राहिलं?”

“राहिलं. अर्ज ‘पूर्ण’ म्हणून बंद झाला, त्यात राहिलं. आत्ता करतो, दोन मिनिटं.” मग तो मुलगा, आवाजावरून मुलगाच वाटला, आपुलकीने म्हणाला, “तुमचं काही अडलं का हो त्यामुळे?”

बाईंनी फोन खाली ठेवला.

या वेळी त्या अठरा पायऱ्या चढून रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात गेल्या आणि तिथल्या बाईचा फोन मागून घेऊन त्यावर नंबर विचारला. धाकट्याचं नाव आलं. एका अनोळखी माणसाकडे जाऊन त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा आलं. तास गेला, परत विचारलं. मग खाली येऊन त्यांनी धाकट्याची सगळी नोंद काढली. लाइन बदलल्यापासून घरच्या लोकांना गेलेली पत्रं त्रेचाळीस. त्यातली किती कचऱ्यात गेली ते कळायला मार्ग नव्हता. सगळीच गेली असावीत. ज्यांच्याविषयी ती होती त्यातले चार जण जमिनीखाली गेले होते. बाईंनी त्रेचाळीस पत्रं पुन्हा लिहिली. चौघांची वेगळी लिहावी लागली.

डॉक्टर खाली आले. ते सहसा येत नसत. शेवटच्या पायरीवर घसरता घसरता वाचले.

“बाई, ऐका. पत्रं आपण पाठवली. नोंद आहे. समोरच्यांनी उघडली नाहीत. यात खोटं काय आहे?”

“काहीच नाही.”

“मग एवढंच सांगायचं. कुणी विचारलं तर.”

“ती स्वतःलाच दोष देईल, डॉक्टर.”

“लोक तसंही देतातच,” डॉक्टर म्हणाले, पण आवाजात कठोरपणा नव्हता.

बुधवारी दुपारी ती आली. चाळिशीची, सडसडीत, हातात एकच पिशवी. ओल्या पायरीवर ती घसरली नाही. भिंतीला हात लावून, एकेक पाऊल चाचपत उतरली. मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुसली.

“पत्र काल रात्रपाळीला जाताना दिसलं,” ती म्हणाली. “मग खाली बघितलं, तर आधीची तीन. कचऱ्यात पडली होती.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “मी बघतच नाही हो तिथे. कोण बघतं? पण बघायला हवं होतं ना. भाऊ हरवलाय म्हटल्यावर माणसाने सगळीकडे बघायला हवं.”

मामा दाराशी थांबले होते. ते बाईंकडे बघत होते. ‘पत्रं पाठवली, उघडली गेली नाहीत’ एवढं एक वाक्य पुरेसं होतं. ती स्वतःच ते घेऊन आली होती. बाईंनी फक्त मान हलवायची होती.

“तुमची काही चूक नाही,” बाई म्हणाल्या. “माझी आहे.”

आणि त्यांनी सांगितलं. सोपं करून, जसं त्या कुणालाही सांगत. दार, नाव, नंबर, उलटी नोंद. कंपनीचं राहिलं ते, आणि मी चुकीच्या ठिकाणी विचारलं तेही. डॉक्टरांनी मला ‘पोचलं का’ विचारलं आणि मी ‘हो’ म्हणाले, तेही. त्यांनी काहीच वगळलं नाही. सांगताना त्यांना जाणवलं की आयुष्यात इतकी बिनचूक नोंद आपण कधी दिली नव्हती.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे कधी पुरलं?”

“गेल्या गुरुवारी.”

“आणि पहिलं पत्र?”

“त्याच्या आधी सतरा दिवस.”

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग म्हणाली, “सतरा दिवसांत मी इथे दोनदा येऊन गेले असते.” रडली नाही. बाईंना वाटलं, ओरडावं हिने. ती ओरडलीही नाही. “तुम्ही बरं सांगितलंत की वाईट, मला अजून कळत नाही,” एवढंच म्हणाली. “माफ वगैरे मला करता येणार नाही.”

“मी मागत नाही.”

बाईंनी कपाटातून पिशवी काढली. कंगवा तिने बाजूला ठेवला. चावी ओळखली, “माझ्या जुन्या खोलीची आहे,” म्हणाली आणि मुठीत धरली. मग स्वेटर मांडीवर घेतला, डावी बाही उलटी केली आणि कोपरावरून अंगठा फिरवला. टाक्यांवरून दोनदा, तीनदा.

“पत्रात तुम्ही तपकिरी लिहिलंत,” ती म्हणाली.

“हो.”

“ही तपकिरी नाही. विटकरी आहे.”

बाईंनी वाकून पाहिलं. ट्यूबलाइटच्या उजेडात लोकर तपकिरी दिसत होती.

“विटकरी आहे,” बहीण पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज फाटला. “मी कारखान्यातून उचलून आणली होती. लाल मोज्यांची उरलेली. त्याला लाल आवडायचं नाही, म्हणून भांडला होता माझ्याशी.”

बाई उठल्या. स्वेटरची बाही हातात धरून त्या दाराबाहेर गेल्या. बहीण स्वेटरची दुसरी बाजू न सोडता त्यांच्यामागोमाग. नऊ-दहा पायऱ्या चढल्यावर वरच्या दारातला दिवसाचा उजेड पडत होता. तिथे दोघी थांबल्या. लोकर विटकरी होती. भाजलेल्या विटेसारखी, ऊबदार, लालसर. इतक्या दिवसांत त्यांनी ती कधी वर आणली नव्हती.

खाली आल्यावर बाईंनी रजिस्टर काढलं. एकशे सतरापुढच्या कोऱ्या रकान्यात बहिणीने सांगितलेलं नाव लिहिलं. मग वर्णनाच्या ओळीवर आल्या. ‘तपकिरी’वर एक आडवी रेघ ओढली, वर ‘विटकरी’ लिहिलं, बाजूला तारीख आणि सही.

बहीण शेजारी उभं राहून ते वाचत होती. रजिस्टराच्या त्याच पानावर, वर आणि खाली, आणखी तीन नंबरांपुढे नावाचे रकाने कोरे होते आणि शेवटच्या रकान्यात विल्हेवाटीची तारीख होती. तिने त्यांतल्या एकावर बोट ठेवलं.

“यांनाही माझ्यासारखंच?”

“हो.”

“त्यांची माणसं आली?”

“अजून नाही.”

बहिणीने बोट काढलं नाही. टेबलाखाली धाकटा घरघरत होता. मामांनी हॉस्पिटलच्या जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली, मोकळ्या जमिनीवर जायचं होतं, खांब दाखवायला. बाईंनी छत्री घेतली आणि पहिल्यांदाच, पायऱ्यांकडे बघत, भिंतीला हात लावून चढू लागल्या.